हार घालायच्या आधी एक फोटो



माझी आजी गेली त्या रात्री घरात सगळ्यांत आधी शोधाशोध झाली ती तिच्या फोटोची. मी भिवंडीहून रात्रभर प्रवास करून शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी पोहोचले, तर चुलतभाऊ अंगणातच विचारत होता, "पेपरात द्यायला फोटो पाहिजे. ताई, तुझ्याकडे आहे का गं चांगला?" मी मोबाइल काढला. आम्ही बारा नातवंडं, प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये हजारो फोटो. त्यांत आजी सापडली ती अशी: एकात चुलीकडे तोंड करून बसलेली पाठ, एकात ताटात आमटी वाढणारा हात, एकात नवरानवरीच्या मागे अर्धा चेहरा. सरळ समोर बघणारा एकच फोटो निघाला, आधार कार्डावरचा.

तोच मोठा करून आणला. स्टुडिओवाल्याने आपल्या परीने छान केला. आजीचा रंग दोन छटा उजळ केला, अंगावर जरीकाठाचं लुगडं चढवलं, मागे निळं आकाश लावलं. हनुवटीवरचा मस डाग समजून पुसून टाकला आणि कपाळाला टिकली लावली. आजीने पंचेचाळीस वर्षं कुंकू लावलं नव्हतं. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने विचारलं, "आई, ही कोण?"

तो फोटो अजून गावच्या घरात आहे, चंदनाचा हार घातलेला. मी माहेरी गेले की त्याच्याकडे बघायचं टाळते. आजीची आठवण येते ती तिथे बघून येत नाही.

आजीचा फोटो का नव्हता, याचा मी नंतर बराच विचार केला. कॅमेरा नव्हता असं नाही. माझ्या वडिलांच्या लग्नाचा अल्बम आहे, दोन काकांचे आहेत, आत्यांचे आहेत. पण आजोबा गेले तेव्हा आजी एकेचाळीस वर्षांची होती. त्यानंतर "फोटोला या" अशी हाक आली की ती "व्हा पुढे, मी आलेच" म्हणायची आणि आत जायची. कोणी तिला अडवलं नाही आणि कोणी ओढूनही आणलं नाही. पोटच्या सहा लेकरांची लग्नं झाली, त्यातल्या एकाही अल्बममध्ये ती समोर उभी नाही.

आपण जैन आहोत. ज्याचं कर्म त्याला, हे आपल्याला पाळण्यात शिकवतात. मग नवऱ्याच्या आयुष्याची दोरी तुटली याचा दोष बाईच्या कपाळावर कुठल्या शास्त्राने ठेवला? चंदनबालेची कथा आपण पोरांना सांगतो. मुंडण केलेली, बेड्या घातलेली, घरातल्यांनी कोंडून ठेवलेली ती मुलगी. भगवान महावीरांनी आहार घेतला तो तिच्या हातून, आणि पुढे तीच आर्यिकांच्या संघाची प्रमुख झाली. ही कथा ऐकून आपण डोळे पुसतो आणि घरातल्या विधवा आजीला फोटोच्या वेळी स्वयंपाकघरात पाठवतो.

म्हणून आज जे लिहायचं आहे ते स्पष्टच लिहिते. आजीचा सन्मान ती गेल्यावर फोटोला हार घालून होत नाही. ती असताना, तिला घरच्यांच्या मधोमध बसवून, तिच्या सोयीने एक चांगला फोटो काढला तर होतो. आणि हे मोहाचं नाही, धर्माचंच काम आहे असं मला वाटतं.

आक्का नाही म्हणाल्या

सासरी माझ्या आजेसासूबाई आहेत. आम्ही सगळे त्यांना आक्का म्हणतो. वय शहाऐंशी. मूळच्या इचलकरंजीकडच्या. मागाच्या धंद्यामागे आजेसासरे भिवंडीला आले आणि आक्काही आल्या. एका मागांच्या गावातून दुसऱ्या मागांच्या गावात. "खटखट थांबली की मला झोप येत नाही," असं त्या म्हणतात.

गेल्या वर्षी मी त्यांना म्हटलं, "आक्का, सगळ्यांचा मिळून एक फोटो काढू या का? तुम्ही मध्ये बसायचं."

त्या माळ ओढत होत्या. माळ पूर्ण केली, कपाळाला लावली, मग म्हणाल्या, "देह परका आहे गं पोरी. परक्याचा फोटो काढून काय करायचाय?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे आचार्य शांतिसागर महाराजांचा फोटो आहे. आमच्याकडच्या कितीतरी घरांत तो असतो. १९५५ साली महाराजांनी कुंथलगिरीवर सल्लेखना घेतली आणि त्याच साली आक्कांचं लग्न झालं. "मग हा फोटो तुम्ही का लावलाय?"

"ते महाराज. मी कोण?"

या उत्तराला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण मी मंदिरातल्या स्वाध्यायात पूर्वी ऐकलेलं पुन्हा काढून वाचलं. तत्त्वार्थसूत्राच्या पहिल्याच अध्यायात चार निक्षेप सांगितले आहेत: नाम, स्थापना, द्रव्य आणि भाव. एखाद्या वस्तूला आपण चार तऱ्हांनी ओळखतो. नुसतं नाव घेऊन, तिच्या जागी दुसरं काही ठेवून, ती पूर्वी काय होती किंवा पुढे काय होईल ते धरून, आणि आत्ता प्रत्यक्ष ती काय आहे ते पाहून. फोटो ही स्थापना. स्थापना म्हणजे ती वस्तू नव्हे, हे सूत्र सांगतंच. पण स्थापनेला जागाच नाही असंही म्हणत नाही. तसं असतं तर आपण मंदिरात कोणासमोर उभे राहतो?

आक्का आणि महाराज यांना एका ओळीत बसवायचा माझा हेतू नाही. तीर्थंकर आणि मुनी पूज्य आहेत, घरातली माणसं स्मरणाची आहेत. हा फरक मनात पक्का असला की फोटोचं भय वाटत नाही. मोह कुठे असतो? गेलेल्या माणसाच्या फोटोला नैवेद्य दाखवतो, उदबत्ती लावतो, "तू बघतोयस ना" म्हणतो, तिथे. आपल्या मान्यतेप्रमाणे जीव देह सोडून लगेच पुढच्या गतीला जातो. तो फोटोत थांबलेला नसतो. त्याच्यासाठी रोज फुलं तोडून हार करण्यात हिंसा आहे, आणि पोहोचत तर काहीच नाही. पण जिवंत आजीला "तुम्ही मध्ये बसा" म्हणण्यात मोह कसला? तो विनय आहे.

हे सगळं मी आक्कांना माझ्या भाषेत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एक अट घातली. "एकट्या म्हातारीचा फोटो नको. दोन्ही पोरं माझ्या शेजारी उभी राहिली तर बसते."

मैत्रिणींनो, ही अट कितीची होती ते सांगते. माझे सासरे आणि धाकटे काका, दोघांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं. गाळा कोणाचा, माग किती कोणाकडे, सायझिंगची उधारी कोणी फेडायची, असलं सगळं. काका दर क्षमावाणीला आक्कांच्या पाया पडायला येत, पण सासरे मंदिरात गेलेले असतात ती वेळ बघून. सासूबाई मला म्हणाल्या, "आक्कांनी गोड बोलून नाही म्हटलंय. सोडून दे."

तिच्या सोयीने

मी सोडलं नाही. पण त्याआधी थोडं इतिहासाचं सांगते, कारण त्यातून मला एक गोष्ट उमगली.

आपल्या देशातले पहिल्या पिढीतले सर्वांत नावाजलेले फोटोग्राफर राजा दीनदयाळ. १८४४ साली मेरठजवळच्या सरधन्याला एका जैन घरात जन्मले. निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले, पुढे मुंबईतही त्यांचा स्टुडिओ होता. राजेरजवाडे, व्हाइसरॉय, सगळे त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसले. पण पडद्यातल्या बायका परक्या पुरुषापुढे यायच्या कशा? म्हणून १८९२ साली त्यांनी हैदराबादेत खास बायकांसाठी झनाना स्टुडिओ काढला आणि तो एका इंग्रज बाईंच्या हाती दिला. म्हणजे त्या काळीसुद्धा बायकांना फोटो नको होता असं नाही. त्यांना जमेल अशा रीतीने कोणी बोलावत नव्हतं, इतकंच.

माझ्या आजीचं तेच झालं. "फोटोला या" अशी हाक तिलाही यायची. पण तिचा संकोच ओळखून हाताला धरून कोणी आणलं नाही.

आक्कांच्या बाबतीत मी आधी त्यांच्या सोयी-गैरसोयी लिहून काढल्या. नणंदांचा आग्रह होता पैठणीचा. आक्का रेशीम वापरत नाहीत. किडे उकळत्या पाण्यात टाकून केलेलं वस्त्र अंगाला लावायचं नाही, हा त्यांचा लग्नानंतरचा नियम. तेव्हा साडी सुतीच, त्यांच्या रोजच्यातलीच, फक्त नीट इस्त्री केलेली. धामणकर नाक्याकडून जो मुलगा फोटो काढायला येणार होता, त्याचं म्हणणं होतं की संध्याकाळी साडेपाच-सहाला ऊन छान पडतं. ती आक्कांची जेवायची वेळ. सूर्य मावळल्यावर त्या पाण्याचा थेंब घेत नाहीत. सकाळी सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटं झाल्याशिवाय त्या कोणाशी बोलत नाहीत. त्या वेळी चोरून फोटो काढू या, "नॅचरल" येईल, असं माझ्या मुलीने सुचवलं. मी नाही म्हटलं. ध्यानात बसलेल्या माणसाचं लक्ष वेधणारा साधा आवाजही आपण करत नाही, मग कॅमेरा कशाला?

तेव्हा वेळ ठरली सकाळी दहाची, खिडकीच्या उजेडात. आणि दिवस ठरला क्षमावाणीचा. दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी. त्यानंतर वद्य प्रतिपदेला आपण एकमेकांना क्षमा मागतो. मी काकूंना फोन केला. आक्कांची अट जशीच्या तशी सांगितली. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगते. पुढचं माझ्या हातात नाही."

त्या सकाळी

काका आले. दहाला दहा मिनिटं कमी होती. सासरे समोरच बसले होते. "ये," म्हणाले. "चहा घेतोस?" काका म्हणाले, "घेईन." एवढंच.

आम्ही एकोणीस जण होतो. मुलं सतरंजीवर, सुना-लेकी दोन्ही बाजूंना, मध्ये खुर्चीवर आक्का. फोटोवाल्या मुलाला घरातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याने सहज सांगितलं, "दोन्ही काका, तुम्ही भाऊ ना? आजींच्या मागे या. हात खुर्चीवर ठेवा." दोघांनी ठेवले.

तेवढ्यात आक्कांनी मान वळवली. माझ्या आत्या-सासूबाई दिसत नव्हत्या. त्यांचे यजमान तीन वर्षांपूर्वी गेले. त्या स्वयंपाकघरात होत्या, पोळ्या करायला म्हणून. आक्कांनी हाक मारली. आतून आवाज आला, "तुम्ही काढून घ्या, मी आलेच." तेच शब्द. माझ्या आजीचेच. माझ्या अंगावर काटा आला. पण आक्का म्हणाल्या, "पोळ्या राहू दे. तू आल्याशिवाय मी सरळ बसत नाही." आत्या हात पुसत आल्या. आक्कांनी त्यांना शेजारी स्टूलावर बसवलं आणि त्यांचा हात आपल्या मांडीवर धरून ठेवला. फोटोत तो हात दिसतो. बोटांना पीठ आहे.

काम झाल्यावर त्या मुलाला आम्ही नाश्ता दिला. त्याने सांगितलं, त्याच्या नानीचा एकच फोटो घरात आहे, हजला जाताना पासपोर्टसाठी काढलेला. "मी रोज लोकांचे फोटो काढतो, तिचा राहूनच गेला." त्याच्या नानीचा पासपोर्ट, माझ्या आजीचं आधार कार्ड. सरकारी कागदाला चेहरा लागतो म्हणून आपल्या बायकांचे चेहरे उरले.

त्या दिवसानंतर घरात सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर खोटं होईल. गाळ्याचा हिशोब अजून तिथेच आहे. पण काका आता वेळ बघून येत नाहीत.

कागदाचाही विचार

आता एक गोष्ट जी जैन घरात तरी विचारायला हवी, पण कोणी विचारत नाही. आक्का कॅप्सूल घेत नाहीत, कारण तिचं आवरण बहुधा जिलेटिनचं असतं, आणि जिलेटिन जनावरांची कातडी आणि हाडं उकळून करतात. डॉक्टरांकडून त्या गोळीच लिहून घेतात. पण फोटोचा चकचकीत कागद? १८७१ साली मॅडॉक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने चांदीचे क्षार जिलेटिनच्या थरात बसवायची युक्ती काढली. फोटोची फिल्म आणि लॅबमध्ये धुऊन निघणारे कागद पुढे त्याच वाटेने गेले. आपल्या जुन्या अल्बममधला जवळजवळ प्रत्येक फोटो त्या थरावर आहे.

हे मला कळलं तेही एका नुकसानीतून. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशी भिवंडीतही पाणी शिरलं. आमच्या तळमजल्यावरच्या ट्रंकेत आक्कांच्या घरचे अल्बम होते. फोटो एकमेकांना चिकटले, कारण भिजल्यावर जिलेटिन फुगतं आणि तसंच वाळलं की पाठीला पक्कं धरतं. आम्ही ते उन्हात वाळवले आणि मग ओढून सोडवले. चेहरे कागदासकट निघून आले. तेव्हा माहीत नव्हतं की ओले फोटो चिकटून वाळू द्यायचेच नसतात. थंड स्वच्छ पाण्यात ठेवून हळूच सुटे करायचे आणि चेहरा वर करून सावलीत वाळवायचे.

तर यावेळी मी चौकशी केली. शाईने छापायचे बरेच कागद जिलेटिनशिवाय बनतात, पण सगळे नाहीत. दोन ठिकाणी विचारलं, तिसऱ्या ठिकाणी खात्रीचं उत्तर मिळालं. साधा, न चकाकणारा कागद घेतला. आक्कांना सांगितलं तर म्हणाल्या, "विचारलंस ना? मग झालं." जुने फोटो फेकून द्यायचे का, असं कोणी विचारेल. नाही. ते झालं ते झालं, त्यांना जपायचं. नवीन करताना मात्र विवेक ठेवायचा.

घरातल्या कामांची यादी म्हणून एवढं लक्षात ठेवा. फोटो छापून घ्या. मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर जातो. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने नावं, नातं, तारीख आणि गाव लिहा; बॉलपेनने ओरखडा पुढे उमटतो. "आई", "काकी" असं लिहू नका, पूर्ण नाव लिहा, चाळीस वर्षांनी वाचणाऱ्याला कोणाची आई ते कळायला हवं. चिकट पानांचे अल्बम टाळा. जुना फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेसकट त्याची प्रत काढून घ्या. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. आणि चेहऱ्यावरचं काही पुसू नका. मस, सुरकुती, पडलेला दात, सगळं तिचं आहे.

एक मात्र सांगते. भाड्याच्या नऊवाऱ्या, नकली वाडा, आजीला गॉगल लावून नाचवणं, हे सध्या फार चाललंय. ज्यांना आवडतं त्यांना आवडो. मला ते आजीला बाहुली करणं वाटतं. आमचा सगळा खर्च एका साध्या जेवणाइतका झाला.

फोटो कुठे लावला

देवघरात नाही. महाराजांच्या शेजारीही नाही. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या भिंतीवर, जिथून सगळे दिवसातून वीस वेळा जातात. आक्कांनी सांगून ठेवलंय, "मी गेल्यावर याला हार घालायचा नाही. एवढे एकोणीस जण आहेत, हार कोणाला घालाल?" त्यांच्या नावाने काही करायचंच असेल तर पाणी गाळून घ्या, रात्रीचं जेवण सोडा, कोणा गरजू मुलीची फी भरा, असंही त्या म्हणाल्या. मी ते वहीत लिहून ठेवलं आहे.

गावच्या घरातल्या आजीच्या फोटोचं काय करायचं, हे अजून ठरत नाही. चुलतभावाशी बोलले. निदान टिकली काढून घेऊ, मस परत आणू, आणि पाठीवर तिचं पूर्ण नाव लिहू. आमच्या कोणाच्याही मुलांना ते पूर्ण नाव येत नव्हतं.

तुमच्या घरात आजी असतील तर या रविवारी त्यांना विचारा. नाही म्हणाल्या तर कारण विचारा आणि त्यांची अट ऐकून घ्या. अट अवघड असली तरी.

माझ्या लिहिण्यात कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी.

जय जिनेंद्र.